ख्रिस्ती जीवन आणि आत्मसंतुष्टतेचा धोका

(एस. वाय. बी. ए.)

आमच्या गावी कोणी भेटले आणि "कसं काय?" म्हणून विचारले की ठरलेले उत्तर येते, "बरं चाललंय." पाऊस नसला तरी बरं चाललंय, सोसायटीचे कर्ज थकले तरी बरं चाललंय. या उत्तरात एक धीर आहे आणि तो मला आवडतो. परंतु हेच उत्तर माणूस स्वतःच्या आत्म्याविषयी देऊ लागला तर काय होते? गेले वर्षभर हा प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. त्याचा थोडासा अभ्यास प्राध्यापकवर्गासमोर आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींसमोर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. विषय ख्रिस्ती जीवनाचा असला, तरी ज्या आजाराविषयी मी लिहिणार आहे तो एकाच धर्माच्या माणसांना होतो असे नाही.

प्रथम थोडे स्वतःविषयी. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे मी ख्रिस्ती घरातली चौथ्या पिढीतली मुलगी. आजीला अक्षरओळख नाही. वडील दहावी नापास होऊन ट्रॅक्टरवर गेले, आई सातवीपर्यंत शिकली. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. धर्म मला मिळवावा लागला नाही; घरातल्या पितळी हंड्यासारखा तो मला आयताच मिळाला. आयत्या मिळालेल्या वस्तूची किंमत माणूस करीत नाही, हे आपण जाणतोच. माझेही तेच झाले. ते कसे, हे शेवटी सांगेन.

आत्मसंतुष्टता म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. कारण कोणी म्हणेल, "ख्रिस्ती धर्म तर शांतीचा, समाधानाचा उपदेश करतो. मग संतुष्ट असण्यात वाईट ते काय?" हा आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर मला फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पौलाच्या पत्रात सापडले. या लहानशा पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की, कोणत्याही स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. पण त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो की, मी अजून पोहोचलेलो नाही, शर्यतीतल्या धावणाऱ्यासारखा मी पुढे धाव घेत आहे. आणि हे लिहिणारा माणूस तुरुंगात होता! म्हणजे पौल आपल्या परिस्थितीविषयी समाधानी होता, पण स्वतःविषयी नव्हता. आपले बहुधा नेमके उलटे असते. परिस्थितीविषयी आपली कुरकुर कधी थांबत नाही, आणि स्वतःविषयी मात्र आपण अगदी निश्चिंत असतो. पौलाचे ते समाधान आणि आपली ही आत्मसंतुष्टता. दोहोंत फरक आहे तो एवढा.

आता हा दोष माणसाला कसा घेरतो ते पाहू. नव्या करारातील शेवटचे पुस्तक प्रकटीकरण. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इ. स. ९५ च्या आसपास, रोमन बादशहा डोमिशियन याच्या कारकिर्दीत मानतात. पात्म बेटावर असलेल्या योहानाला दर्शन झाले आणि आशिया प्रांतातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील, सात मंडळ्यांना पत्रे लिहिण्याची त्याला आज्ञा झाली. या सातांपैकी सार्दीस आणि लावदिकीया या दोन मंडळ्यांची पत्रे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पण ही पत्रे नीट समजायची तर त्या शहरांचा इतिहासही माहीत असला पाहिजे.

सार्दीस ही प्राचीन लिडिया राज्याची राजधानी. तिचा बालेकिल्ला उभ्या कड्यांच्या डोंगरावर होता आणि तो कोणाच्याही हाती लागणार नाही अशी त्याची ख्याती होती. क्रीसस राजाची श्रीमंती तर म्हणीत जाऊन बसली. इ. स. पू. ५४६ च्या सुमारास इराणच्या सायरसने या किल्ल्याला वेढा घातला. हिरोडोटस सांगतो की, किल्ल्यावरच्या एका शिपायाचे शिरस्त्राण कड्यावरून खाली घरंगळले. ते घेण्यासाठी तो कड्याने उतरला आणि पुन्हा वर चढून गेला. सायरसच्या एका सैनिकाने हे पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने तो आणि त्याच्यामागून इतर सैनिक वर चढले. त्या बाजूला पहाराच नव्हता! कडा इतका उभा की तेथून कोणी येईल असे कोणाच्या मनातही आले नव्हते. किल्ला पडला.

यापेक्षा नवलाची गोष्ट पुढे आहे. तीनशेहून अधिक वर्षांनी, इ. स. पू. २१४ च्या सुमारास, तिसऱ्या अँटायोकसच्या सैनिकांनी हेच शहर जवळजवळ तशाच रीतीने घेतले. तटाच्या एका भागावर गिधाडे निवांत बसलेली एका सैनिकाने पाहिली आणि तेथे पहारेकरी नाहीत हे ओळखले. एकदा धडा मिळूनही शहर तो विसरले होते. आपल्याकडे १६७० साली तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढून गेले ती हकीकत आपण शाळेत शिकतो, ती मावळ्यांच्या बाजूने. पण किल्लेदाराच्या बाजूने पाहिले तर तीत हाही धडा आहे की, जी बाजू सर्वांत सुरक्षित वाटते तीच सर्वांत कमी राखली जाते.

सार्दीसच्या मंडळीला आलेल्या पत्रात नेमके हेच आहे. लोकांमध्ये तुमचे नाव जिवंत म्हणून आहे, पण तुम्ही मेलेले आहात, म्हणून जागे व्हा, नाहीतर मी चोरासारखा येईन, असा त्याचा आशय आहे. ज्या शहरावर शत्रू दोनदा चोरपावलांनी चढला, तेथील लोकांना या शब्दांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडली नसेल. ख्रिस्ती माणसाची पडझडही बहुधा अशीच होते. जेथे त्याला मोह वाटतो तेथे तो पहारा ठेवतो, प्रार्थना करतो. पण ज्या गोष्टीविषयी त्याला वाटते की "हे तर आपल्याला जमते", तेथे पहारा नसतो.

दुसरे शहर लावदिकीया. त्याचे अवशेष आजच्या डेनिझली शहराजवळ आहेत. हे सावकारीचे आणि व्यापाराचे श्रीमंत शहर होते. येथील मेंढ्यांची काळीभोर, मऊ लोकर प्रसिद्ध होती. जवळच वैद्यकाची शाळा होती आणि डोळ्यांच्या औषधाशीही या भागाचे नाव जोडले जाते. इ. स. ६० मध्ये भूकंपाने शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा रोमची मदत न घेता ते स्वतःच्या पैशाने पुन्हा उभे राहिले, अशी नोंद टॅसिटस या रोमन इतिहासकाराने केली आहे. स्वाभिमानाची ही गोष्ट आहे, यात शंका नाही. पण "आम्हांला कोणाची गरज नाही" हा स्वभाव शहरातून हळूहळू मंडळीतही शिरला असावा.

या श्रीमंत शहराची एकच अडचण होती, ती म्हणजे पाणी. उत्तरेला सुमारे दहा किलोमीटरवर हेरापली येथे उन्हाळी झरे होते. तेच आजचे पामुक्काले. दुसऱ्या बाजूला कलस्सै गावाला डोंगरातले थंड पाणी मिळे. लावदिकीयाला मात्र दगडी नळांतून दुरून पाणी आणावे लागे. ते नळ आजही पाहायला मिळतात आणि क्षारांचे थर साचून ते आतून अरुंद झालेले दिसतात. अनेक अभ्यासकांचे म्हणणे असे की, पत्रातील कोमटपणाचा दाखला या पाण्यावरूनच दिलेला आहे. ऊन पाण्याने दुखरे अंग शेकता येते, थंड पाण्याने वाटसरूची तहान भागते. कोमट पाणी मात्र ना शेकायला उपयोगी, ना प्यायला. ते तोंडातून थुंकून टाकावेसे वाटते, आणि या मंडळीविषयी प्रभूला तसेच वाटते असे पत्र सांगते.

सातही पत्रे एकापाठोपाठ वाचली तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पर्गम आणि थुवतीरा येथील मंडळ्यांवर खोट्या शिकवणीला थारा दिल्याचा आरोप आहे, तरी त्यांच्यातील चांगल्या गोष्टीही सांगितल्या आहेत. लावदिकीयावर खोट्या शिकवणीचा आरोप नाही, मूर्तिपूजेचा नाही, व्यभिचाराचा नाही. तरीही सातांपैकी सर्वांत कठोर पत्र तिलाच आहे आणि तिच्या स्तुतीचा त्यात एकही शब्द नाही. उलट स्मुर्णा येथील मंडळी गरीब, छळ सोसणारी. तिला मात्र तू खरोखर श्रीमंत आहेस असे सांगितले आहे. उघड पापापेक्षा आत्मसंतुष्टता अधिक धोक्याची का, याचे कारणही त्याच पत्रात आहे. या मंडळीला वाटते की आपण धनवान आहोत, आपल्याला काही उणे नाही. आणि आपण दरिद्री, आंधळे, उघडे आहोत हे तिला कळतच नाही. ज्याला ताप येतो तो औषध मागतो. ज्याच्या पायाला बधिरपणा आला आहे त्याला काटा रुतल्याचेही कळत नाही. म्हणून बधिर पाय अधिक धोक्याचा.

या बधिरपणाचे परिणाम मला तीन दिसतात.

पहिला परिणाम प्रार्थनेवर होतो. प्रार्थना बंद होत नाही. तसे झाले असते तर निदान लक्षात तरी आले असते. ती चालूच राहते, पण तिच्यात मागणे उरत नाही. शब्द पाठ असतात, तोंड चालते आणि मन उद्याच्या कामात असते.

दुसरा परिणाम दृष्टीवर होतो. स्वतःकडे पाहण्याचे थांबले की माणूस दुसऱ्याकडे पाहू लागतो. लूकच्या शुभवर्तमानात परूशी आणि जकातदार यांचा दृष्टांत आहे. परूशी उपास करीत होता, दशांश देत होता. तो खोटे काही बोलला नाही. पण त्याच्या प्रार्थनेत देवापेक्षा दूर उभा असलेला जकातदारच अधिक होता. आमच्या मंडळीत कोण उपासनेला उशिरा येते, कोण फक्त नाताळला दिसते, याची यादी मला तोंडपाठ होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

तिसरा परिणाम शेजाऱ्याला भोगावा लागतो. लूकमध्येच श्रीमंत माणूस आणि लाजर यांची गोष्ट आहे. श्रीमंत माणसाने लाजराला मारले नाही, हाकलले नाही, शिवी दिली नाही. लाजर रोज त्याच्या दाराशी पडलेला होता आणि तो त्याला दिसला नाही, एवढेच. आत्मसंतुष्ट माणूस क्रूर नसतो. पण त्याच्या दाराशी कोण पडले आहे याचा त्याला पत्ता नसतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आत्मसंतुष्टता म्हणजे आळस, असे आपण समजतो. तसे नाही. याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्याइतकी कष्टाळू आणि विद्वान स्त्री त्या काळात विरळाच. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. निराधार विधवांसाठी त्या दिवसरात्र झटत होत्या. अशा बाईला कोण आत्मसंतुष्ट म्हणेल? कोणी म्हटलेही नाही. ते त्यांनी स्वतःच स्वतःला विचारले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, ख्रिस्ती होऊन सुमारे आठ वर्षे झाल्यावर त्यांना उमगले की आपल्याला धर्म मिळाला आहे, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो अद्याप मिळालेला नाही. त्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले होते. हे गृहस्थ कित्येक वर्षे उपदेशकाचे काम करीत होते आणि १८५१ साली, स्वतःच उपदेश करीत असताना, त्यांचे मन पालटले. सगळे बरोबर करीत असणाऱ्या माणसालाही काही उणे असू शकते, हा विचार रमाबाईंच्या मनाला लागला. रमाबाईंनी तो झटकून टाकला नाही, हे त्यांचे मोठेपण.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली व स्त्रिया आणल्या, त्यांना केडगावला आसरा दिला आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. साध्या बायकांनाही कळावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर, पूर्ण छापून प्रसिद्ध झाले. वयाच्या तिशीतच कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेल्या या स्त्रीला "आता बरे चालले आहे" असे म्हणून थांबणे सहज शक्य होते. त्या थांबल्या नाहीत.

आता सुरुवातीस म्हटल्याप्रमाणे माझी गोष्ट.

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी पवित्र शास्त्र वाचण्याची रीत आहे. आजोबा गेले तेव्हा मी चौथीत होते आणि वाचनाचे काम माझ्याकडे आले. वडील उशिरा येत, आईचे हात चुलीत गुंतलेले. मी रोज एक अध्याय वाचायचा आणि आजीने ऐकायचे. वाचून झाले की जेथे थांबलो तेथे आजी स्वतःच्या हाताने लाल दोरा ठेवी. तिला अक्षर कळत नसे, पण दोरा कोठे ठेवायचा ते कळे. उत्पत्तीपासून निघून तीन-साडेतीन वर्षांत दोरा शेवटाला पोहोचे आणि पुन्हा आरंभ होई.

मी बारावीत असताना रविवारच्या शाळेच्या परीक्षेत मला पहिले बक्षीस मिळाले. पाळकसाहेबांनी सर्वांसमोर कौतुक केले. त्यानंतर मला वाटू लागले की आपल्याला हे सगळे येते. बारावीच्या अभ्यासाचे निमित्त होतेच. मी दोरा होता तेथे उघडायचे सोडून दिले आणि रोज एकशे सतरावे स्तोत्र वाचू लागले. हे स्तोत्र फक्त दोन ओव्यांचे आहे, सगळ्या स्तोत्रांत लहान. अर्ध्या मिनिटात वाचन संपे, मी "आमेन" म्हणे आणि पुस्तकांकडे वळे. आजीला वाचता येत नाही, तिला काय कळणार, असे मला वाटे. हे लिहितानाही लाज वाटते.

एके रात्री आजी हळूच म्हणाली, "पोरी, ह्ये काल बी झालं, परवा बी झालं. देवाचं पुस्तक येवढंच राह्यलं का गं?"

मी म्हटले, "आजी, मला अभ्यास आहे."

"कर बाई, अभ्यास कर," ती म्हणाली आणि गप्प बसली. त्यानंतर तिने कधी विचारले नाही.

मी पास झाले, कॉलेजात आले, वसतिगृहात राहू लागले. येथेही मी दर रविवारी उपासनेला जात होते, गीते म्हणत होते, कोणी विचारले तर "बरं चाललंय" म्हणत होते. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. जुनी वही शोधताना फळीवरचे पवित्र शास्त्र हाती आले. लाल दोरा नहेम्याच्या पुस्तकात होता. बारावीच्या वर्षी मी जेथे सोडले होते, अगदी त्याच पानावर. दोऱ्याखाली कागदावर फिकट तांबडा डाग उमटला होता. वर्षभर आजीने तो हलवला नव्हता, कारण हलवण्यासारखे काही झालेच नव्हते. माझ्या आत्म्याची इतकी खरी गुणपत्रिका मला दुसऱ्या कोणी दिलेली नाही. ज्या घरात पवित्र शास्त्र वाचू शकणारी मी होते, त्याच घरात वाचनाची भूक लागलेली माझी आजी माझ्याच दाराशी बसून होती, आणि मला ती दिसली नव्हती.

त्या दिवसापासून मी रोज रात्री आठ वाजता वसतिगृहातून आईच्या मोबाइलवर फोन करते आणि दोरा आहे तेथून एक अध्याय वाचते. आई फोन आजीच्या कानाशी धरते. वाचून झाले की आई पान काढून देते आणि आजी दोरा ठेवते. कधी रेंज नसते, कधी आजीला ऐकू येत नाही आणि पुन्हा वाचावे लागते. नहेम्या संपले, ईयोब संपले. स्तोत्रे वाचताना एकशे सतरावेही आले. मी थबकले. पलीकडून आजी म्हणाली, "वाच की. ह्ये तर आपलं पाठ हाय." आम्ही दोघी हसलो.

या अभ्यासातून मी काय शिकले? आत्मसंतुष्टतेवर एकदाच घेऊन भागेल असे औषध नाही. उद्या हा फोनसुद्धा नुसती सवय होऊ शकेल; सार्दीस शहर दोनदा पडले हे मी विसरत नाही. परंतु हा दोष स्वतःचा स्वतःला दिसत नसल्यामुळे तो दाखवणारे कोणीतरी जवळ असावे लागते, आणि त्याचे ऐकण्याइतके आपण नम्र असावे लागते. लावदिकीयाला ते पत्राने दाखवले, रमाबाईंना एका पुस्तकाने, मला एका अडाणी म्हातारीने.

लावदिकीयाच्या त्या कठोर पत्राचा शेवट मात्र कठोर नाही. प्रभू दाराशी उभा आहे, दार ठोठावीत आहे, कोणी उघडले तर आत येऊन त्याच्यासोबत जेवायला बसणार आहे, असे चित्र तेथे आहे. हे पत्र बाहेरच्या लोकांना नाही, मंडळीला लिहिलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची व्यथा कळते. ज्याच्या नावाने मंडळी जमते तोच बाहेर उभा आहे, आणि आत सगळे म्हणत आहेत की बरे चालले आहे. पण तो निघून गेलेला नाही, ठोठावतो आहे. कडी मात्र आतून आहे, ती आपणच काढायची आहे.